कुठला मानपाडा?

ठाणे स्थानकाबाहेर पश्चिमेला 'मानपाडा' म्हटलं की रिक्षा घोडबंदर रस्त्याला लागते, कापूरबावडीच्या पुलाखालून येऊरच्या डोंगराच्या दिशेनं. डोंबिवली पूर्वेला उतरून हाच शब्द उच्चारला तर शेअर रिक्षाच्या रांगेकडे बोट दाखवलं जातं आणि ती रिक्षा मानपाडा रोडनं कल्याण-शिळ रस्त्याकडे जाते. जिल्हा एक, पोलीस आयुक्तालय एक, नाव एक, आणि मधे वीसेक किलोमीटरचं अंतर. गावाकडून पहिल्यांदा येणारे पाहुणे भलत्याच मानपाड्याला जाऊन थडकतात, तेव्हा फोनवर संवाद ठरलेला असतो. "अहो काका, ठाण्याचा नाही, डोंबिवलीचा मानपाडा!" "अरे पण पाटीवर ठाणे जिल्हाच लिहिलंय ना!" दोघांचंही बरोबर असतं. जाणती माणसं म्हणून आधी पिनकोड विचारतात. 400 नं सुरू झाला तर घोडबंदर, 421 नं सुरू झाला तर डोंबिवली. आणखी एक खोच अशी, की मानपाडा पोलीस ठाणं डोंबिवलीत आहे. ठाण्याच्या मानपाड्यात खोली घेणाऱ्याला पोलिसांकडची नोंद करायला चितळसर ठाण्यात जावं लागतं.

मी बार्शीकडचा. आमच्याकडे मुंबईला गेलेला माणूस म्हणजे मुंबईलाच गेलेला. तो ठाण्यात राहतो, डोंबिवलीत राहतो की त्याहून पुढे, याची चौकशी कुणी करत नाही. इथे आल्यावर कळतं की मुंबईला निघालेली बहुतेक माणसं मुंबईच्या अलीकडेच उतरतात, आणि त्यांतली पुष्कळशी अशाच एखाद्या मानपाड्यात. या लेखात दोन्ही मानपाडे एकत्र घेतले आहेत. नवख्याच्या नजरेनं पाहिलं तर त्यांच्यात नावापेक्षा पुष्कळ जास्त साम्य आहे.

पहिलं साम्य रस्त्याचं. दोन्ही गावं मालवाहतुकीच्या वाटेवरची. न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर घोडबंदर रस्त्यानं गायमुखचा घाट चढतात. भिवंडीच्या गोदामांकडे आणि तिथून नवी मुंबईकडे जाणारे ट्रक कल्याण-शिळ रस्ता भरून टाकतात. ट्रकसाठी वापरात असलेल्या या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना मग वीस-वीस मजल्यांची घरं उभी राहिली. म्हणून इथे सकाळी कचेरीला निघालेला माणूस आणि बंदरातून निघालेला कंटेनर एकाच सिग्नलला उभे असतात. अवजड वाहनांना वेळा ठरवून दिल्या आहेत, त्या बदलतात, पुन्हा ठरतात. नवखा माणूस आठवड्याभरात त्या वेळा शिकतो, कारण त्यावर त्याच्या मुलाची शाळेची बस अवलंबून असते.

दुसरं साम्य मोजणीचं. ठाणे महापालिका 1982 मध्ये झाली, कल्याण-डोंबिवलीची 1983 मध्ये. ठाणे शहराची लोकसंख्या 1991 ला आठ लाखांच्या आसपास होती. 2011 ला ती अठरा लाखांवर गेली. वीस वर्षांत दहा लाख माणसं वाढली, आणि त्यातली मोठी भर घोडबंदर पट्ट्यात पडली. डोंबिवलीच्या मानपाड्याची गोष्ट जरा गमतीची आहे. तो प्रसिद्ध '27 गावां'च्या पट्ट्यातला. ही गावं महापालिकेच्या स्थापनेपासून पालिकेत होती, 2002 मध्ये बाहेर काढली गेली आणि 2015 मध्ये पुन्हा आत घेतली गेली. म्हणजे 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची जी साडेबारा लाख लोकसंख्या छापली आहे, तिच्यात हा मानपाडा नाहीच. त्यानंतरची जनगणना 2021 ला व्हायची होती, झाली नाही. ती आता 2027 ची आहे. शेवटच्या मोजणीनंतर कल्याण-शिळ रस्त्यावर पलावासारखी अख्खी नगरं वसली. इतकी माणसं आली, ती कागदावर अजून आलेलीच नाहीत.

इथे माणसाची पत कशावर ठरते, हे समजायला मला थोडा वेळ लागला. पगार, जात, शिक्षण ही मोजमापं सगळीकडे असतातच. पण या शहराचं खास मोजमाप म्हणजे तुम्ही कोणत्या साली आलात. सोसायटीच्या सभेत, रेल्वेच्या डब्यात, मंदिराच्या पायरीवर, संभाषण फिरून फिरून तिथेच येतं. "आम्ही ब्याऐंशीला आलो तेव्हा इथे नुसती भातशेती होती," असं म्हणणाऱ्या काकूंचा स्वर आणि "आम्ही दोन हजार अठराला बुकिंग केलं," म्हणणाऱ्या तरुणाचा स्वर यांत किमान दोन पायऱ्यांचं अंतर असतं. ब्याऐंशीच्या काकू मूळच्या गिरगावच्या. चाळीतली खोली पुरेनाशी झाली म्हणून डोंबिवलीला आल्या. त्याच सुमाराला, जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानं लालबाग-परळची कितीतरी कुटुंबं हळूहळू याच दिशेला ढकलली. त्याआधी फाळणीनंतर सिंधी आले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांचं 1949 मध्ये उल्हासनगर झालं. मग ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने निघाले तसे केरळ-तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंतचे लोक आले. त्यानंतर माहिती-तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमागून मराठवाडा, विदर्भ, खानदेश. प्रत्येक लाटेला वाटतं की गर्दी आपल्यानंतर झाली.

या सगळ्यांचं ऐकून घेऊन एक आगरी आजोबा शांतपणे म्हणतात, "आमी इकरचे. बाकी सगले आयलेले." वादच संपतो. या भागातली मूळ वस्ती आगरी, कोळी, आणि येऊरच्या पाड्यांमधले वारली आदिवासी. भात, मीठ आणि मासळी यांवर जगणारी ही गावं. आज टॉवरच्या दाटीत एखादी गावदेवी, तिच्यापुढचं छोटं पटांगण आणि आजूबाजूची दोन-तीन मजली घरं दिसली की समजायचं, मूळ गाव ते. चैत्रात एकवीरेला पालखी निघते, गावदेवीची जत्रा भरते, लग्नाच्या आदल्या रात्री हळदीचा नाच पहाटेपर्यंत चालतो. नव्या संकुलातले लोक खिडक्या लावून घेतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर आवाजाची तक्रार टाकतात. मला ही तक्रार फारशी पटत नाही. ज्यांच्या शेतावर आपण चौदाव्या मजल्याच्या बाल्कनीत झोपाळा टांगला, त्यांची एक रात्र ऐकून घ्यायला हरकत नसावी. गावकऱ्यांनाही शहर फुकट मिळालेलं नाही. कर वाढले, सोयी त्या मानानं आल्या नाहीत, म्हणून 27 गावांची संघर्ष समिती वर्षानुवर्षं स्वतंत्र नगरपालिका मागते आहे. मानपाडेश्वराच्या देवळात त्यांच्या बैठका होत आल्या आहेत. 2020 मध्ये सरकारनं 18 गावं वगळण्याचा निर्णय घेतला आणि उच्च न्यायालयानं त्याच वर्षाअखेर तो रद्द केला. नवख्या भाडेकरूला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला फक्त घरपट्टीचं बिल जास्त वाटतं, तेही मालक बोलून दाखवतो तेव्हा.

नवखा पहिल्यांदा राहतो तो बहुधा चाळीत. गावकऱ्यांनी आपल्या उरलेल्या जमिनीवर बांधलेल्या बैठ्या चाळी हा इथला पहिला मुक्काम. तिथून वन आरके, मग वन बीएचके, आणि जमलं तर क्लब हाऊसवालं संकुल. खोली शोधताना एजंट भेटतो, तो डिपॉझिट सांगतो, एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली सांगतो आणि विचारतो, "फॅमिली की बॅचलर?" या प्रश्नाच्या उत्तरावर निम्मी घरं गळतात. आडनाव आणि ताटात काय असतं यावर उरलेल्यांतली काही गळतात. विविधतेचं कौतुक करणाऱ्या या शहराचा हा कोपरा लाजिरवाणा आहे.

करार अकरा महिन्यांचा असतो. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला जुन्या केंद्रीय कायद्यानं नोंदणी सक्तीची नव्हती, तिथून ही अकराची सवय आली. पण महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो. आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर कराराच्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणून 'आपण साध्या स्टँपवर करू' म्हणणाऱ्या मालकाला नम्रपणे हे कलम दाखवावं. नोंदणी आता ऑनलाइन, घरी बसून अंगठा देऊन होते.

घर विकत घेणाऱ्यानं तर याहून सावध राहायला हवं. डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींचं प्रकरण सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं असेल. पालिकेची बनावट बांधकाम परवानगी तयार करून तिच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवली गेली, घरं विकली गेली, बँकांनी कर्जं दिली आणि लोक राहायला आले. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या इमारती पाडण्याचा आदेश दिला. शेकडो कुटुंबांच्या डोक्यावर घराचा हप्ता आणि पाडकामाची नोटीस एकाच वेळी आली. यातून घ्यायचं ते एवढंच, की महारेराचा क्रमांक पाहून थांबू नये. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात ती खरी आहे का, हे विचारावं. 2013 च्या एप्रिलमध्ये शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून 74 माणसं गेली, ते ठिकाण डोंबिवलीच्या मानपाड्यापासून फार लांब नाही.

आता प्रवास. भारतातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले, याचा इथल्या प्रत्येकाला अभिमान. सकाळी आठ वाजता फलाटावर उभं राहिलं की तो जरा ओसरतो. मुंबईपासून ठाणं 34 किलोमीटर, डोंबिवली 48. या चौदा किलोमीटरच्या फरकात दिवसाचा निराळाच हिशेब असतो. डोंबिवलीची बायामाणसं बसायला मिळावं म्हणून आधी उलट्या दिशेनं कल्याणला जातात आणि तीच गाडी धरून परत येतात. याला म्हणतात 'रिटर्न येणं'. रिटर्न आलेले आणि फलाटावरून चढणारे यांच्यात रोजची तणातणी. फोर्थ सीट म्हणजे तिघांच्या बाकड्यावर चौथ्यानं अर्धं टेकणं, आणि ते मागण्याचा हक्क अलिखित पण अबाधित. अलीकडच्या दिवा स्थानकातल्या लोकांना तर दारच मिळत नाही. जानेवारी 2015 मध्ये दिव्यात त्यावरून उग्र रेल रोको झाला. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले, काही दगावले. स्वयंचलित दारांची चर्चा तेव्हा जोरात झाली.

याच डब्यात नवख्याला पहिली ओळख मिळते. रोजच्या गाडीचा, रोजच्या डब्याचा ग्रुप असतो. त्यात भजनं होतात, दसऱ्याला गाडीची पूजा होते, बायकांच्या डब्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ग्रुपमधल्या कुणाचं मूल कुठल्या शाळेत आहे, कुणाचा भाऊ रक्त द्यायला येऊ शकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. शेजारच्या फ्लॅटमधला माणूस मात्र ओळखीचा नसतो. संध्याकाळी डोंबिवलीत उतरलेला हाच जथा शेअर रिक्षाच्या रांगेत लागतो. मागे तिघं, पुढे चालकाशेजारी चौथा. मीटर नावाची वस्तू इथे बहुधा शोभेला आहे. घोडबंदरकडे जाणाऱ्यांना 1989 पासून ठाणे परिवहनची बस आहे, डोंबिवलीच्या मानपाड्याला नवी मुंबई परिवहनच्या बसचाही मोठा आधार.

दोन्ही मानपाड्यांना मेट्रोही मिळणार आहे, हे आणखी एक साम्य. वडाळा-कासारवडवली मेट्रो 4 वर ठाण्याचं मानपाडा स्थानक आहे आणि कल्याण-तळोजा मेट्रो 12 वर डोंबिवलीचं. गायमुखच्या टोकाला मेट्रो 4 ची चाचणी सप्टेंबर 2025 मध्ये झाली. गाडी धावू लागेपर्यंत खांब, पत्रे आणि वळवलेले रस्ते यांच्यामधून वाट काढायची. इस्टेट एजंट मात्र घर दाखवताना मेट्रोचं अंतर मिनिटांत सांगतात, जणू गाडी फलाटावर उभीच आहे.

भाषेची गंमत वेगळीच. आमच्याकडचं 'लय' म्हटलं की इथे लोक हसतात आणि मग स्वतःच 'लय भारी' म्हणतात. आगरी बोलीतला 'ल', मालवणी हेल, खानदेशी अहिराणी आणि पुणेरी शुद्धता हे सारं एका भाजीच्या गाड्यापाशी ऐकू येतं. भाजीवाला भोजपुरीमिश्रित मराठीत प्रत्येकाला त्याच्या हेलात उत्तर देतो. डोंबिवलीला सगळे मराठी मध्यमवर्गाचं शहर म्हणतात. ते खरं आहे. फेब्रुवारी 2017 चं नव्वदावं साहित्य संमेलन इथेच झालं, आणि पु. भा. भावे, शं. ना. नवरे इथले. पण याच शहरात केरळीय समाजम् शाळा चालवतं आणि साउथ इंडियन असोसिएशन महाविद्यालय चालवतं. ठाण्यात 1893 चं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तसंच टेंभी नाक्याजवळ 1879 चं ज्यूंचं सिनेगॉगही आहे. मानपाड्याचा माणूस मात्र या दोन्हींपासून लांब राहतो. जुन्या शहराची संस्कृती स्थानकाच्या आसपास, आणि नवी वस्ती हमरस्त्याला. ठाण्याच्या मानपाड्यात निदान हिरानंदानी मेडोजमध्ये डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृह आलं, त्यामुळे नाटकाला गडकरी रंगायतनपर्यंत जावं लागत नाही. डोंबिवलीच्या मानपाड्याच्या वाट्याला हॉल येतात, लग्नाचे.

नोकरी करणाऱ्या जोडप्यांना जगवतं ते पोळी-भाजी केंद्र. गृहिणींनी चालवलेली ही केंद्रं संध्याकाळी सातला गजबजतात, आणि दिवाळीच्या आधी तिथे अनारशांची यादी लागते.

पाणी मात्र दोन्हीकडे डोकेदुखी. 27 गावांना बहुतांशी एमआयडीसीचं, बारवी धरणाचं पाणी मिळतं. 'शटडाऊन' हा शब्द इथल्या मुलांना शाळेआधी कळतो. पाण्याखेरीज भीती कारखान्यांची. डोंबिवलीतली 1964 च्या सुमाराची औद्योगिक वसाहत आणि लोकांची घरं आता एकमेकांना खेटली आहेत. 2014 मध्ये डोंबिवलीत हिरवट पाऊस पडला, 2020 मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता चक्क गुलाबी झाला, आणि मे 2016 नि मे 2024 मध्ये रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळी दहाहून जास्त माणसं गेली. 'झोंबिवली' हा 2022 चा चित्रपट डोंबिवलीच्या नव्या संकुलात राहायला आलेल्या जोडप्याभोवती आणि पाण्याभोवती फिरतो. बाहेरच्यांना ती भयकथा वाटली. इथल्यांना कल्पनेचा भाग थोडा कमीच जाणवला असेल.

ठाण्याच्या मानपाड्याची भीती वेगळी, आणि खरं तर भाग्यही. टिकुजिनीवाडीच्या मागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या जंगलाचा निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात आहे, आणि मानपाड्यात वनखात्याचं निसर्ग परिचय केंद्र आहे. पावसाळ्यात तिथली पायवाट चालून पाहा. घोडबंदरचा आवाज काही पावलांत मागे पडतो. बिबट्याही शेजारी आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये तो समतानगरच्या एका मॉलच्या आवारात शिरला आणि नंतर जवळच्या हॉटेलच्या तळघरात वनखात्यानं त्याला बेशुद्ध करून पकडलं. आता याच जंगलाच्या पोटातून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा खणला जात आहे. एकूण रस्ता 11.8 किलोमीटर, ठाण्याकडचं तोंड मानपाड्याजवळ. घोडबंदरचा तासाचा वळसा वाचेल हे खरं. बोरिवलीची गर्दीही तितक्याच वेगानं इकडे येईल, हेही खरं.

दिवाळीत हे शहर नीट बघावं. नरकचतुर्दशीच्या सकाळी डोंबिवलीचा फडके रोड नव्या कपड्यांतल्या तरुणाईनं भरतो, गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि मित्रमैत्रिणींना भेटायचं. ठाण्यात तसंच तलावपाळीला आणि राम मारुती रोडला. 1999 मध्ये याच डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थाननं गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली आणि ती राज्यभर पोचली. दिवाळीनंतर चार दिवसांत, कार्तिक शुद्ध षष्ठीला, उपवन तलावाच्या काठी छठपूजेसाठी हजारो बाया सूप घेऊन उभ्या राहतात. त्याच आठवड्यात संकुलातले निम्मे दिवे बंद असतात, कारण सोलापूर, जळगाव, रत्नागिरी, गोरखपूर, सगळे गावाला गेलेले.

गावाला जाण्यात गैर काही नाही, मीही जातो. अडचण वेगळी आहे. अनेकांचं मतदारयादीतलं नाव अजून गावातच असतं. घरपट्टी इथे, मुलांची शाळा इथे, रोजचा श्वास इथल्या हवेतला. मत मात्र ज्या गावच्या नळाशी आता संबंध उरला नाही तिथे. मग 27 गावांचं काय करायचं, टँकर कुणाला आणि रस्ता आधी कुठला, हे ठरवताना या नव्या वस्तीला कुणी विचारत नाही, आणि विचारावं अशी तिची गणतीही नाही. तेव्हा यंदा गावाहून परत आल्यावर एक काम करा. पहिल्यांदाच नाव नोंदवत असाल तर निवडणूक आयोगाचा नमुना 6 भरा, पत्ता बदलला असेल तर नमुना 8. ऑनलाइन भरता येतो, पैसे लागत नाहीत. पत्त्याच्या रकान्यात पिनकोड तेवढा नीट तपासा.